गुलामी कायद्यानं गेली, पुढं काय?
(बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या जीवनातील एक धागा)



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटलं की त्यात बाबासाहेबांवर एक लेख असतोच, आणि असलाच पाहिजे. जन्म, शिक्षण, महाड, पुणे करार, घटना, धम्मदीक्षा, महापरिनिर्वाण हा क्रम आता आपल्या लहान लेकरांनाही तोंडपाठ आहे. तोच क्रम पुन्हा लिहून पानं भरायची आमची इच्छा नाही. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळ्या करत करत, उरल्या वेळात मिळेल ते पुस्तक वाचत आलेली माणसं आम्ही. पण वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बाबासाहेबांच्या सबंध आयुष्यात एक प्रश्न दोऱ्यासारखा ओवलेला आहे. गुलामी कायद्यानं बंद झाली म्हणजे माणूस बरोबरीचा झाला का? या एका प्रश्नाच्या अंगानं त्यांचं चरित्र सांगायचा हा आमचा साधा प्रयत्न आहे.

सातारचा भिवा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. सुभेदार रामजी पलटणीतून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला राहिलं आणि मग आपल्या साताऱ्याला आलं. १८९६ साली साताऱ्यातच माता भीमाईचं निधन झालं. पोर पाच वर्षांचं. पुढं आत्या मीराबाईनं या लेकरांचं केलं. भीमाईची समाधी साताऱ्यात आहे. आपल्यापैकी अनेकजण दर्शनाला जाऊन आले असतील. जे गेले नसतील त्यांनी एकदा तरी जाऊन यावं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावानं त्यांचा दाखला झाला. रजिस्टरात नंबर १९१४. हाच दिवस २०१७ पासून महाराष्ट्र शासन विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. पण त्या शाळेत भिवाला बसायला घरून आणलेला तरटाचा तुकडा होता. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर घसा कोरडा. न्हावी केसाला हात लावत नसे, म्हणून बहीणच केस कापायची.

आता हिशोब बघा. हिंदुस्थानात गुलामी बंद करणारा कायदा इंग्रजांनी १८४३ साली केला होता. कोर्टानं कुणाला कुणाचा गुलाम म्हणून मानायचं नाही, असा तो कायदा. म्हणजे भिवा शाळेत गेला तेव्हा कायद्याला ५७ वर्षं झाली होती. भिवा कुणाच्या मालकीचा नव्हता. त्याचा बाप सुभेदार होता, पेन्शन खात होता. तरी नळ त्याचा नव्हता. कायदा एका जागी आणि नळ दुसऱ्या जागी, अशी ही गंमत होती.

मसूर स्टेशन

१९०१ सालची गोष्ट. दुष्काळाचे दिवस होते. खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर तळं खोदायचं चाललं होतं आणि रामजी सुभेदार तिथं खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना त्यांनी बोलावून घेतलं. भिवा, त्याचा भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुलं असे चौघे निघाले. नवी जाकिटं, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. थाट मोठा होता. रेल्वेत बसून संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरले. न्यायला कुणी आलेलं नाही. वडलांना पाठवलेलं पत्र त्यांच्या नोकरानं दिलंच नव्हतं.

स्टेशन मास्तरानं आपुलकीनं चौकशी केली. कपडे बघून त्याला ही पोरं वरच्या जातीची वाटली असावीत. पोरांनी खरी जात सांगितली आणि मास्तराचा चेहराच बदलला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही यायला तयार होईनात. शेवटी एक जण कबूल झाला, पण कशा अटीवर? बैल पोरांनीच हाकायचे आणि गाडीवान बाजूनं चालणार. शिदोरी जवळ होती, पण वाटेत पाणी कुणी दिलं नाही. मध्यरात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. पोरं तशीच उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली.

मसूर काय, गोरेगाव काय, आपल्या पायाखालचा मुलूख आहे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० साली. म्हणून ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या मुलखातली म्हणून आपल्याला ऐकता येत नाही. त्या रस्त्यावर ज्यांनी पाणी दिलं नाही ते आपल्याच जिल्ह्याचे लोक होते.

याच काळात साता समुद्रापलीकडं काय चाललं होतं तेही बघू. अमेरिकेत १८६५ साली घटना दुरुस्त करून गुलामी बंद झाली. १८६८ ला काळ्या लोकांना नागरिकत्व आणि १८७० ला मताचा हक्क कायद्यात आला. पण १८९२ साली होमर प्लेसी नावाचा इसम गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला म्हणून त्याला पकडलं, आणि १८९६ साली तिथल्या सर्वोच्च कोर्टानं निकाल दिला की डबे वेगळे असले तरी समतेचा भंग होत नाही. ज्या वर्षी साताऱ्यात भीमाई गेली त्याच वर्षी हा निकाल लागला. तिकडं डबा वेगळा, इकडं बैलगाडीच मिळेना. गुलामी दोन्हीकडं कागदावर संपलेली होती.

कटगुणचे फुले आणि अमेरिका

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानलं. महात्मा जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही आपल्याच खटाव तालुक्यातलं. जोतीरावांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवलं. इथल्या लोकांनीही त्यांचा कित्ता गिरवावा ही त्यामागची आशा.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८७३ साली अमेरिकेत आशा जिवंत होती. काळी माणसं निवडून येत होती, कायदेमंडळात बसत होती, शाळा काढत होती. १८७७ साली दक्षिणेतल्या राज्यांतून केंद्राचा लष्करी पाठिंबा उठला आणि चित्र पालटलं. हळूहळू मत गेलं, शाळा वेगळ्या झाल्या, मारहाण आणि झाडाला टांगून मारणं नित्याचं झालं. जमीन तर मिळालीच नव्हती. १८६५ च्या जानेवारीत काही भागात ४० एकरांपर्यंत तुकडे देण्याचा लष्करी हुकूम निघाला होता, तो त्याच वर्षी नव्या अध्यक्षानं फिरवला. मोकळा झालेला माणूस पुन्हा जुन्याच मालकाच्या रानात वाट्यानं राबायला लागला. आपल्याकडच्या वाटेकऱ्याची आणि सालगड्याची गत आठवा म्हणजे समजेल.

म्हणजे गुरूनं आशेच्या काळात लिहिलं आणि शिष्य त्या देशात पोचला तो आशा मोडल्यानंतर. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

न्यूयॉर्क आणि बडोदा

सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान सगळं पालथं घातलं. १९१५ ला एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला, तेव्हा वय पंचवीस. जात ही देवानं केलेली नाही, माणसांनी लग्नाची दारं बंद करून ती केली, हे त्यांनी तिथं अभ्यासकांपुढं मांडलं. विद्यापीठाला लागूनच हार्लेम, काळ्या लोकांची वस्ती जिथं त्या वर्षांत वाढत होती.

पुढं लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परत येऊन बडोद्याला नोकरीवर हजर झाले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, असं त्यांनी पुढं स्वतःच्या आठवणीत लिहिलं आहे. ती जाणीव बडोद्यात परत आली. राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी वसतिगृहात राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मसूरच्या पोराजवळ नवे कपडे होते, बडोद्याच्या तरुणाजवळ परदेशी विद्या होती. दोन्ही वेळा जात विचारली गेली आणि बाकी सगळं शून्य झालं. नुसत्या वैयक्तिक प्रगतीनं हा प्रश्न सुटत नाही, हे त्यांना दोनदा अंगावर शिकायला मिळालं. आपल्यातले जे शिकून मोठ्या हुद्द्यावर गेले आणि वस्तीकडं फिरकत नाहीत, त्यांनी हे मनाशी घोळवावं.

घुंगुरकाठी

१९२० साली मूकनायक निघालं. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराज आले. पुन्हा लंडनला जाऊन बाबासाहेब १९२३ ला बॅरिस्टर आणि डी. एस्सी. होऊन आले. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ ला महाडचं चवदार तळं आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मानानं वतनाची लढाई कमी सांगितली जाते. ती आपल्या गावगाड्याची लढाई, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

महार वतन म्हणजे काय? थोडी जमीन आणि बलुतं, आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावाची आणि सरकारची चाकरी. दवंडी द्यायची, सारा आणि टपाल पोचवायचं, अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं, मयताची वर्दी घेऊन परगावी जायचं, मेलेलं ढोर ओढायचं. कामाला वेळ नाही, पगार नावाला, आणि एकाला काम लागलं तर सगळं घर जुंपलेलं. आमच्या आजोबांच्याकडं येसकरकी होती. घुंगुरकाठी आपटत रात्री गाव फिरायचं आणि दारोदार भाकरी मागून आणायची. गुलाम बाजारात विकला जायचा, येसकर विकला जात नव्हता. पण तो काम सोडून जाऊही शकत नव्हता.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनदुरुस्तीचं विधेयक आणलं. जमीन चाकरीतून मोकळी करावी आणि चाकरी घ्यायची तर रोख पगार द्यावा, हा त्याचा गाभा. विरोध तर झालाच, पण आपल्यातल्याही कितीकांना वतन म्हणजे अब्रू वाटायची. हातची जमीन जाईल ही भीती होती. ही भीती खोटी नव्हती, कारण दुसरं काही हातात नव्हतंच. विधेयक पुढच्या वर्षी मागं घ्यावं लागलं. तरी त्यांनी विषय सोडला नाही. १६ डिसेंबर १९३९ ला हरेगावला वतनदारांची मोठी परिषद भरवली. कनिष्ठ गाव वतनं बंद करणारा मुंबई सरकारचा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. आमच्या आजोबांनी काठी त्याच्याआधीच, धम्मदीक्षेनंतर, आढ्याला खोचून ठेवली. गावानं बलुतं थांबवलं. घरात दोन वर्षं हाल झाले. पण काठी पुन्हा खाली आली नाही.

धोटा आणि ७ नोव्हेंबर

गावातून सुटला म्हणून माणूस मुंबईच्या गिरणीत गेला, तर तिथं काय? आपल्या सातारा-सांगलीची हजारो माणसं त्या गिरण्यांत गेली. पण साचेखात्यात, जिथं पगार बरा, तिथं आपल्या माणसाला घेत नसत. कारण असं की धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धागा दुसऱ्याला चालायचा नाही. लाल बावटा खांद्याला खांदा लावून धरणारा कामगार धोट्यापाशी मात्र जातीचा व्हायचा. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. पुढं १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या लिखाणात त्यांनी हेच मांडलं की जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, कामगारच वाटून टाकले.

आता दुसरी बाजू. १९३८ साली मुंबई सरकारनं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. त्यात संपाला गुन्हा ठरवायची कलमं होती. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विरोधात उभे राहिले आणि त्यांनी आधार कशाचा घेतला? अमेरिकेच्या घटनेचा, गुलामी बंद करणाऱ्या त्याच दुरुस्तीचा. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामाला जुंपणं हीच गुलामी, तेव्हा काम नाकारलं म्हणून शिक्षा करणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, असा त्यांचा मुद्दा. ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला, त्यात लाल बावटेवालेही सामील होते. विधेयक पास झालं ते झालंच. पण तारीख बघा. साताऱ्याच्या शाळेत भिवाचं नाव लागलं त्याला त्या दिवशी बरोबर ३८ वर्षं झाली होती. हा योगायोगच. पण आम्हा गिरणीवाल्यांना ७ नोव्हेंबर दोन्ही अंगांनी आपला वाटतो.

दूरदेशीचा भाऊ

बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना मुद्दाम अभ्यासली. रोमचे गुलाम, अमेरिकेचे गुलाम, सगळं तपासलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून मालक त्याला निदान जगवायचा. अस्पृश्याला जगवायची जबाबदारी कुणाचीच नाही. गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळतं, अस्पृश्याला ते कळूही दिलं जात नाही. म्हणून ही आडून केलेली गुलामी जास्त वाईट. हे लिखाण महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापून आलं. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अमेरिकेचाच दाखला देऊन बजावलं की लढाईत काळ्यांचा उपयोग करून घेतला आणि नंतर त्यांना वाऱ्यावर सोडलं, ही गत अस्पृश्यांनी विसरू नये.

अमेरिकेत याच प्रश्नाचा इतिहास लिहिणारा एक काळा विद्वान होता, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. हार्वर्डचा डॉक्टर, १८९५ चा. गुलामी सुटल्यानंतरच्या काळावर त्यानं १९३५ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. गोऱ्या इतिहासकारांनी तोवर लिहून ठेवलं होतं की काळ्यांना राज्य करता आलं नाही. डु बॉइसनं दाखवलं की काळ्यांनी मळ्यावरचं काम टाकून स्वतःच्या सुटकेला हात लावला, सरकारी शाळा उभ्या केल्या, आणि त्यांचा पराभव नालायकीनं नव्हे तर बळजबरीनं झाला. गरीब गोरा मजूर काळ्याशी का जुळला नाही? कारण पोटाला कमी मिळालं तरी गोरेपणाचा मान त्याला वरकड मजुरीसारखा मिळत होता. आमच्या धोट्याची गोष्ट याहून वेगळी आहे काय?

१९४६ साली बाबासाहेबांनी या डु बॉइसला पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, त्याच्या प्रती मागितल्या. दोन्ही समाजांची स्थिती सारखी असल्यानं तो अभ्यास जरुरीचा आहे असं कळवलं. डु बॉइसनंही आपुलकीनं उत्तर दिलं. दोन खंडांतले दोन विद्वान, दोघांच्याही मागं तीच वेदना.

घटना, आणि तिच्यापुढचं

स्वातंत्र्य आलं. २९ ऑगस्ट १९४७ ला बाबासाहेब मसुदा समितीत आले आणि अध्यक्ष झाले. कलम १७ नं अस्पृश्यता गेली, कलम २३ नं वेठबिगार गेली, १४, १५, १६ नं समान हक्क आले. पण अमेरिकेचा इतिहास वाचलेला हा माणूस कागदावर भुलला नाही. घटना मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, त्यांनी सभागृहाला सांगितलं की राजकारणात समता आणि समाजात, पैशात विषमता अशा विसंगत जीवनात आपण शिरतो आहोत, ती लौकर मिटवली नाही तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल. १९४७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी जमीन सरकारी मालकीची करून सामुदायिक शेतीला द्यावी असंही सुचवलं होतं. मोकळ्या झालेल्या माणसाला जमीन नाही म्हणजे काय होतं, हे अमेरिकेनं दाखवलं होतंच. ती सूचना घटनेत आली नाही.

आणि शेवटचं पाऊल. हक्क कायदा देतो, पण मन कोण मोकळं करणार? १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा केली, एकवीस वर्षं अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना बुद्धाच्या ओटीत घातलं. ६ डिसेंबरला ते गेले. अमेरिकेत वेगळ्या डब्याचा तो मूळ निकाल शाळांपुरता १९५४ ला मोडला, पण तिथले १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्काचे कायदे बघायला ते राहिले नाहीत.

म्हणून आम्हास वाटतं, कायदा, भाकर आणि मन अशा तिन्ही ठिकाणी गुलामी सुटली तरच ती सुटली. बाबासाहेबांनी तिन्ही ठिकाणी घाव घातला. आता आपण आपल्यालाच विचारू. गावात स्मशानभूमी एक आहे का? पोरगी शिकली, पण लग्नात जात, पोटजात आपण विचारत नाही ना? सफाईचं काम करणाऱ्या भावाला आपण शेजारी बसवतो ना? जयंतीला ढोल-ताशा जरूर वाजवावा, पण विहारात कपाटभर पुस्तकं असावीत आणि कपाटाला कुलूप नसावं. रविवारी एक तास तरी पोरांनी तिथं वाचावं, न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवावं. आम्ही दर रविवारी पाळी नसेल तेव्हा यायला तयार आहोत.

आजोबांची ती काठी अजून घरात आहे. नातवंडं विचारतात, हे काय? तेव्हा आम्ही मसूर स्टेशनापासून सांगायला सुरुवात करतो.

नमो बुद्धाय! जयभीम!